पंख्यातला कापूस
तापलेल्या धुळीचा वास आला की मला डोणगावच्या घराची पुढची खोली आठवते. वेचून आणलेल्या कापसाचा तिथे कमरेइतका ढीग असायचा आणि मी त्या मऊ ढिगावरच लॅपटॉप ठेवून अभ्यास करायची. ऑनलाइन परीक्षा चार दिवसांवर आली आणि तो दर दहा मिनिटांनी तापून बंद पडू लागला. तालुक्याच्या दुकानदाराने तो न उघडताच सांगितलं, "पोरी, मदरबोर्ड गेला. नवाच घ्या लागते." मी लॅपटॉप घरी आणला आणि स्क्रू काढायला बसले. बाबा घाबरले, "काऊन खोलून राह्यली वं? बिघडला म्हंजे?" मी म्हणाले, "बिघडेलच हाय, बाबा. अजून काय बिघडन?" आतल्या पंख्यात कापसाचा गच्च बोळा अडकला होता. तो मी चिमट्याने ओढून काढला, मशीन कमी तापावं म्हणून सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरची मर्यादा शंभर टक्क्यांवरून ऐंशीवर आणली आणि लॅपटॉप लाकडी पाटावर ठेवला. परीक्षेचे तीनही तास तो एकदाही बंद पडला नाही. दुसऱ्याच दिवशी मी तो बोळा दुकानदाराच्या काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "हा घ्या तुमचा मदरबोर्ड." आता लोक माझ्याकडे बंद पडलेले लॅपटॉप आणतात. मी आधी उघडते, मग बोलते.