पुठ्ठ्याचे बैल आणि खिशातलं पेन

लातूरला न्यायच्या सामानाची यादी माझ्या जुन्या वहीत अजून आहे. बारा नऊवारी, बारा नथी, एक ढोलकी, पिनांची दोन पाकिटं, उलटीच्या गोळ्या. सहाव्या ओळीत ‘पुठ्ठ्याची बैलगाडी’ असं लिहून त्यावर काट मारलेली आहे. ती काट मी मारली, पण मारायला लावली दुसरीनं.

तेव्हा मी लोह्याजवळच्या एका गावात शिक्षिका होते. साल दुष्काळाचं. शाळेला लागूनच रोजगार हमीचं खडी फोडायचं काम चालायचं आणि बाया हातोडीच्या ठेक्यावर ओव्या म्हणायच्या. त्यात एकीचा आवाज वेगळा कळायचा. बौद्ध वस्तीतली, माझ्याच वयाची. दुपारच्या सुट्टीत मी तिच्याजवळ बसून ओव्या उतरवून घेतल्या. “लिहून घेऊ का?” एवढं विचारलं होतं. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. तिथल्या सोहळ्यात आसपासच्या शाळांची लोकगीतांची स्पर्धा ठेवली होती. पत्र आलं तेव्हा माझी वही तयारच होती. तिची एक ओवी अशी होती:

भाऊ माझा आला गं, खिशाला त्याच्या पेन
बापाचा अंगठा गं, पुसला त्या पेनानं

ऐकायला गोड, पण लोकगीतात पेन कसं चालेल? मी ती नीटनेटकी केली:

भाऊ माझा आला गं, खिल्लारी गाडीतून
भरजरी चोळी गं, आणली त्यानं पेठेतून

चित्रकलेच्या सरांनी पुठ्ठ्याचे दोन बैल रंगवले. अर्जात ‘संकलन’पुढे मी माझं नाव घातलं आणि शाळेतल्या बारा पोरींना घेऊन तालमीला लागले.

तालमीच्या तिसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत घागर ठेवून ती थेट शाळेच्या ओट्यापाशी आली.

“बाई, पोरी कुनाची ववी म्हनून राहिल्या?”

“तुमचीच की. थोडी नीट केली.”

“माझा भाऊ गाडीत कधी बसला? आन् बैल कुठून आनलाव? गावचे समदे बैल तर चाऱ्याच्या छावनीत हायत.”

रांगेतल्या बाया हसल्या. मी म्हणाले, “अहो, स्टेजवर शोभून दिसतं.”

“दिसत आसंल. धुनं लई चांगलं धुतलाव बाई. रंग तेवढा गेला.”

मग ओट्यावर बसून तिनं सांगितलं. बाप मिळेल त्या कागदावर अंगठा उठवायचा, वर काय लिहिलंय ते ठाऊक नसायचं. भाऊ नांदेडला वसतिगृहात राहून शिकला आणि सुट्टीत घरी येऊन त्यानं बापाला सही शिकवली. आता तो लातूरच्या नव्या कचेरीत कारकून होता. सोहळ्याला कचेरीतल्या सगळ्यांना बसायचं होतं.

“त्यो समोर बसनार. त्याच्या हातातलं पेन काढून तुमी कासरा दिलाव. भैनीची ववी ऐकून त्यानं काय समजावं?”

मी वही काढली आणि सहाव्या ओळीवर काट मारली. अर्जातलं माझं नाव खोडून तिचं नाव विचारलं.

“माझं एकलीचं नको. ‘भाऊ माझा आला गं’ येवढं आईचं हाय.”

दोघींची नावं लिहिली. “आणि तुम्ही बरोबर चला. पोरींची चाल चुकते.”

“खाडा पडंल.”

“पडू द्या एक दिवस.”

“बरं. पर मी उलटीची गोळी घेनार न्हाई.”

लातूरला आम्ही दोघी पडद्याआडून बघत होतो. भाऊ तिसऱ्या रांगेत बसला होता, पांढऱ्या सदऱ्यात. पोरींनी तिची ओवी तिच्याच चालीत म्हटली. ‘खिशाला त्याच्या पेन’ आलं आणि त्याचा हात आपसूक खिशाकडे गेला. दुसऱ्या ओळीला त्यानं मान खाली घातली, ती गाणं संपेपर्यंत वर केली नाही. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दोन दिवस वळ राहिला.

नंबर आला नाही. परीक्षक म्हणाले, आवाज छान, पण गीत अस्सल वाटत नाही, लोकजीवन दिसलं पाहिजे. मी उठून बोलणार होते, तिनं पदर ओढून खाली बसवलं.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली. गाडी लातूरबाहेर पडल्यावर म्हणाली, “बाई, बैल आनले आसते तर नंबर आला आसता का?”

“आला असता.”

“मंग येऊ द्या बैलवाल्याचा,” असं म्हणून तिनं डोळे मिटले. लोहा येईस्तोवर झोपली. गोळी न घेता.