अंगठेमामांचा आकडा

लाकूड कापायच्या त्या गल्लीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. अंगठेमामा म्हणायचे. रंध्याच्या मशीनमधून फळी बाहेर आली की मामा तिच्या कडेवरून अंगठा फिरवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "सहा सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मोजून बघावं तर सहा सूतच भरायचं. लोक लांबून फळ्या घेऊन यायचे, ते निम्मे मशीनसाठी आणि निम्मे अंगठ्यासाठी.

मामांचा कारखाना आता त्यांची मुलगी बघायची. तिने गेल्या वर्षी मशीनवर डिजिटल आकडा बसवला. तळहाताएवढी डबी. टेबल वरखाली केलं की फळी किती जाडीची निघणार ते मिलिमीटरमध्ये दाखवायची, दशांशासकट.

"हे खेळणं कशाला?" मामा म्हणाले.

"बाबा, मला तुमचा अंगठा नाही ना."

यावर मामा खूश झाले. पण डबीला नावं ठेवायचं काही सोडलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "हिच्या पोटात सेल आहे, माझ्या अंगठ्यात अक्कल आहे."

देव माणसाकडून एखादी गोष्ट काढून घेतो तेव्हा त्याची दवंडी पिटत नाही, तेवढी दया त्याच्याकडे असते. डबी बसवल्यावर दोनतीन महिन्यांतच साखरेच्या दुखण्याने मामांची बोटं बधिर झाली. आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. अंगठा फळीवरून फिरायचा, पण आत कुणी हूं की चूं करत नसे. हे त्यांनी मुलीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी त्यांना मशीनपासून दूर केलं असतं, कारण ज्याला स्वतःची बोटं कळत नाहीत त्याने फळी आत ढकलायची म्हणजे बोटंही मशीनलाच देऊन टाकायची. आणि मशीनशिवाय मामा म्हणजे घरात पेपर वाचत बसलेला एक म्हातारा.

मग त्यांनी युक्ती काढली. डबीवर भुसा साचायचाच. "काय ही घाण!" असं पुटपुटत ते बाहीने काच पुसायचे आणि पुसता पुसता आकडा बघून घ्यायचे. मग अंगठा, मिटलेले डोळे, सगळं रीतसर. कारखान्यात तेवढी एक काच लखलखीत असायची.

मुलीच्या लक्षात यायला हवं होतं. जो अंगठा आयुष्यभर सुतात बोलला, तो अचानक "अठरा मिलिमीटरला केसभर कमी" म्हणू लागला होता. पण लोकांना वाटलं, वयाबरोबर माणूस आणखी पोचला.

त्या दिवशी एक फर्निचरवाला ड्रॉवरच्या बाजूंसाठी चाळीस फळ्या टाकून चहाला गेला. जाडी अठरा मिलिमीटर हवी होती. मुलीने सकाळीच मशीनची पाती बदलली होती, त्यासाठी डबी काढून पुन्हा बसवली होती. असं केलं की आकड्याला पुन्हा शिकवावं लागतं. एक टाकाऊ तुकडा काढायचा, कॅलिपरने मोजायचा, तेवढा आकडा डबीत भरायचा. ते करण्याआधीच तिला करवतीचा पट्टा आणायला दुकानात जावं लागलं. जाताना ती म्हणाली, "बाबा, मी येईपर्यंत थांबा हं."

अंगठेमामा थांबतात होय! त्यांनी काच पुसली, अठरावर टेबल आणलं आणि अकरा फळ्या काढल्या. प्रत्येकीवर अंगठा फिरवला. बघायला कुणी नव्हतं तरी फिरवला.

मुलगी आली, तिने कॅलिपर लावला. "बाबा, ही सोळा आहे."

"काय सांगतेस?"

"ही पण सोळा. दोन मिलिमीटर कमी! तुम्हाला कळलं नाही?"

"मी सांगतच होतो, तुझी डबी खोटारडी आहे."

"पण तुम्ही कुठे बघता डबीकडे?"

तिने त्यांचा हात हातात घेतला. अंगठ्यात लाकडाचं बोटाच्या पेराएवढं कुसळ घुसलं होतं, भोवती रक्त वाळलं होतं. तिने ते चिमट्याने ओढून काढलं. मामा पंख्याकडे बघत होते.

"कधीपासून?"

"होईल वर्ष."

तिने चिमटा खाली ठेवला आणि म्हणाली, "आजपासून आत फळी मी घालणार. वाद नको."

"लोकांना काय सांगशील?"

"खरं ते."

"मग मीच सांगतो," मामा म्हणाले. लाकडासमोर आयुष्य गेलेल्या माणसाला माणसांसमोर उभं राहायचं होतं.

फर्निचरवाला चहा पिऊन आला. मामांनी त्याला बसवलं आणि सरळ सांगितलं. "माझा अंगठा मेलाय. वर्षभर मी या डबीत बघून सांगत होतो. तुझ्या अकरा फळ्या सोळाच्या झाल्यात."

तो हसला. मग हसायचा थांबला आणि त्याने चक्क हात जोडले. "मामा, पोरीचा मान राखायला एवढं कमीपण घेता? अहो, आमच्यात कुणी स्वतःची चूक नाही कबूल करत, आणि तुम्ही न केलेली करता!"

"अरे, खरंच बधिर आहे. टाचणी टोच."

"तुम्हाला टाचणी टोचू? माझा हात झडेल." त्याने एक फळी उचलली, उलटीपालटी केली. "सोळा केली म्हणजे तुमच्या मनात काहीतरी असणार. हलका चालेल ड्रॉवर, बरोबर ना? खाचा अजून पाडायच्याच आहेत. ताई, बाकीच्याही सोळाच काढा."

मामांनी मुलीकडे बघितलं. ती ओठ दाबून टाकाऊ तुकडा मोजत होती. तिने डबीत नवा आकडा भरला, बटण दाबलं आणि फळी आत घातली. मामा निमूटपणे मशीनच्या पलीकडच्या तोंडाशी गेले आणि बाहेर येणाऱ्या फळ्या उचलून रचू लागले. फर्निचरवाला शेजारच्या दुकानदाराला ओरडून सांगत होता की मोठा माणूस कसा असतो ते येऊन बघ.