पाळ झिरपली नव्हती, तरी साफ झाली

मंडळी, अंजनगावजवळच्या आमच्या गावानं आज चुकून एक चांगलं काम केलं!

पुरापासून गाव वाचवणाऱ्या आमच्या छोट्या मातीच्या धरणाच्या पायथ्याशी सकाळी ओल दिसली. पाळ, म्हणजे धरणाचा बांधच झिरपून राहिला म्हणून सारे फावडे घेऊन धावलो.

इंजिनिअर साहेबांनी येऊन पाहिलं. धरण ठणठणीत! बाजूच्या झेंडूच्या वावरात बेबीकाकूंचा पाइप निसटला होता. झालं, सगळे काकूंनाच बोलू लागले. साहेब म्हणाले, "ते सोडा, पाळीवरची बाभळीची रोपं काढा. मुळं पाळ पोखरतात."

"उद्या पाहू," म्हणत सगळे निघाले, तर काकू आडव्या आल्या. "मले बोलाले सारे आले, आता कावून पळून राहिले? फावडे हायेत ना हातात!"

दुपारपर्यंत पाळ साफ. वर काकूंचा चहा!

तुमच्या धरणाच्या पाळीवर शेवटचं कधी चढलात? का कोणाचा पाइप निसटायची वाट पाहून राहिले?