उजव्या कोपऱ्यातली सही

श्यामसुंदर मराठ्यांची सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसमध्ये गेली. तिथला धर्म एकच होता. कागदाच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत सही असेल तर ते ड्रॉइंग, नाहीतर रद्दी. ड्रॉइंगमध्ये फेरफार झाला की नवे सही करून खाली वर्कशॉपमध्ये पाठवायचे आणि जुने स्वतःच्या हाताने टराटरा फाडायचे, कारण जुना कागद चुकून कामगाराच्या हाती लागला तर भलत्याच मापाचे भोक पडते. ही सवय मराठ्यांच्या अंगात इतकी मुरली की घरी गॅसचे नवे कार्ड आले रे आले की जुने फाडले जायचे, मग हेमाताईंनी त्यावर कितीही महत्त्वाचे फोन नंबर लिहिलेले असोत.

पुढे ड्रॉइंग बोर्ड गेले, कॉम्प्युटर आले. कंपनीने मोठ्या प्रेमाने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आमची," असे मराठे सांगत आणि कोणी हसले नाही तर स्वतःच हसत. कर्वेनगरच्या सोसायटीत घरी बसून माणसाने करायचे तरी काय? त्यांनी एक डिजिटल कॅमेरा घेतला, बुधवार पेठेतल्या दुकानातून जुनी लेन्स उलटी बसवायची कडी आणली आणि सोसायटीच्या मागच्या भिंतीशी घाणेरीच्या झुडपात तोंड खुपसले. उलट्या लेन्समधून मुंगीच्या पायावरचे केस दिसतात, हे कळल्यावर गडी खुळावलाच. सोसायटीतले लोक म्हणायचे, "मराठ्यांचं काही हरवलंय का?" मराठे पालथ्या पडल्या जागेवरून उत्तर द्यायचे, "तुमचं सापडलं तर कळवतो."

किड्यांचे फोटो टाकणाऱ्यांची 'सहापायी' नावाची एक साइट होती. ती चालवायच्या अस्मिता नावाच्या एक प्राध्यापक बाई. मराठे तिथे रमले. कारखान्याने ज्याला मोडीत काढले, त्याला तिथे लोक 'मराठे सर' म्हणत, किड्यांची नावे विचारत, प्रकाशाच्या युक्त्या विचारत. फोटो काढायचा, त्यातला एक निवडायचा, उजव्या कोपऱ्यात 'श्या. मराठे' अशी सही चढवायची आणि तो साइटवर टाकायचा. सही नसलेला मूळ फोटो आणि बाकीचे सगळे पुसून टाकायचे. नवे ड्रॉइंग निघाले, जुने फाडले. यात काही चुकते आहे असे त्यांच्या मनालाही शिवले नाही. अस्मिता बाईंनी एकदा सुचवले होते, "सर, फोटो लहान करून टाका आणि नाव मधोमध आडवं लिहा. कोपऱ्यातलं नाव कोणीही पुसतं." मराठे उसळले होते, "किड्याच्या तोंडावर नाव लिहू? तो काय भाड्याचं भांडं आहे?"

त्यांचा सगळ्यात लाडका फोटो कुंभारीण माशीचा. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजावर ही बया बोराएवढे मडके घडवत होती. मऊ चिखलाची गोळी जबड्यात धरून आणायची आणि मडक्याच्या गळ्याला फिरवून फिरवून लावायची. हेमाताई स्टीलचे ताट धरून उन्हाची तिरीप तिच्यावर पाडत उभ्या राहिल्या. गॅसवर वांग्याची भाजी करपली, हात भरून आले, पण त्यांनी ताट हलवले नाही. शेवटची ओली गोळी गळ्याला चिकटत असतानाचा क्षण मराठ्यांना बरोबर सापडला. आपल्या आयुष्यात एक तरी काम बिनचूक झाले, असे त्या दिवशी त्यांना वाटले. साइटवर लोकांनी तोंडात बोटे घातली. पुढे ती जुनी साइट बंद पडली, बाईंनी नवी उभारली आणि सगळ्यांनी आपापले फोटो एकाच आठवड्यात पुन्हा चढवले, त्यामुळे कोणी कोणता फोटो आधी टाकला होता याच्या जुन्या तारखा राहिल्या नाहीत.

मग एक दिवस शेजारची राजनंदिनी आपल्या आयटी कंपनीचे टेबलावर ठेवायचे कॅलेंडर घेऊन आली. "काका, यंदा आमच्याकडे किड्यांची थीम आहे. म्हटलं, तुम्हाला नक्की आवडेल."

जुलैच्या पानावर कुंभारीण बसली होती. तेच मडके, तीच ओली गोळी. कोपऱ्यातली सही गायब. मागची हिरवी पार्श्वभूमी इतकी धूसर की नाव पुसल्याची खूणही नाही. खाली छापले होते: छायाचित्र, सौमित्र केळकर.

सौमित्र म्हणजे 'सहापायी'वरचाच मुलगा, त्याच कंपनीत कामाला. 'सर, फोकस कसा साधता?' असे त्याने विचारले होते आणि मराठ्यांनी त्याला पानभर उत्तर लिहिले होते. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तिथल्या तिथे साइटवर लिहिले, 'हा फोटो माझा आहे. सौमित्र केळकर चोर आहे.'

उत्तर गोड भाषेत आले. 'सर, विथ ड्यू रिस्पेक्ट, माझा फोटो क्लीन आहे. क्लीन फोटोवर नंतर नाव कोणी टाकलं, ते लोकांनीच ठरवावं. माझी ओरिजिनल फाइल जुन्या लॅपटॉपबरोबर गेली. पण ब्लेम तुम्ही करताय, तर प्रूफ तुम्ही द्या.'

अस्मिता बाईंचा फोन आला. "सर, मला तुमच्याबद्दल शंका नाही. कॅमेऱ्यातून निघालेली, सही नसलेली मूळ फाइल तेवढी पाठवा. विषय संपला."

"पाठवतो," मराठे म्हणाले आणि फोन ठेवल्यावर खुर्चीत बसले ते उठेचनात. आपण काय करून बसलो, ते त्यांना तेव्हा उमगले. मूळ फाइल त्यांनीच पुसली होती. त्या एकाच फोटोची नव्हे, सगळ्याच फोटोंची.

त्यानंतर माणसाने जिवाचा आटापिटा केला. कॅमेऱ्याचे कार्ड घेऊन बुधवार पेठ गाठली. दुकानदाराने कार्ड मशीनला लावले, थोडे खाली-वर केले आणि परत दिले. "काका, याच कार्डावर तुम्ही वर्षानुवर्षं फोटो काढताय. आता यात काय शोधू, तुमची मुंज?" मग घरी येऊन तो फोटो मोठा करकरून पाहिला. ओल्या गोळीवर एक पांढरा चकाकता ठिपका होता. मराठ्यांनी बाईंना फोन केला, "हे आमचं ताट आहे. माझ्या बायकोनं धरलेलं." मग बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, तो ठिपका आहे."

हेमाताई कडाडल्या, "अहो, मी उभी होते ना तिथे! माझी साक्ष घ्या म्हणावं त्यांना."

"घरच्या माणसाची साक्ष धरत नाहीत."

"मग काय माशीला बोलवायचं?"

मराठ्यांना जेवण जाईना. साइटवर कोणी काही बोलत नव्हते, पण रोज येणारे प्रश्न बंद झाले होते आणि ते त्यांना शिव्यांपेक्षा लागत होते. एका दुपारी हेमाताई बाजारात गेल्यावर त्यांनी सही असलेला आपला फोटो उघडला आणि आपल्याच नावावर आजूबाजूचा हिरवा रंग फिरवायला सुरुवात केली. 'श्या.' गेले, मग 'मराठे' गेले. अगदी सोपे निघाले. समोर त्यांचा फोटो, जसा कॅमेऱ्यातून निघाला होता तसाच. खोटे काय होते त्यात? फोटो त्यांचा होता, माशी त्यांच्या खिडकीतली होती. त्यांनी तो बाईंना पाठवून दिला. 'मूळ फाइल सापडली,' असे सोबत लिहिले.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. आवाज ओळखू येऊ नये इतका कोरडा होता.

"मराठे, ही फाइल काल दुपारी तयार झालीय. आणि उजेड वाढवला की कोपऱ्यात नाव पुसल्याचे फराटे दिसतात. तुम्ही असं कराल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं."

"बाई, फोटो माझाच आहे हो."

"कसं मानू? एक जाहीर माफी लिहा आणि तो फोटो काढून टाका. नाहीतर तुमचं पान बंद करावं लागेल. मीही काही करू शकत नाही."

पान बंद म्हणजे सगळेच बंद. शेकडो किडे, त्यांच्याखाली लोकांनी लिहिलेले चार शब्द, आणि वर फोटोचोर हे नाव कायमचे. हेमाताई म्हणाल्या, "माफी अजिबात मागू नका. तुम्ही चोर नाही."

"हे तुला माहीत आहे. मला माहीत आहे. आणि त्याला माहीत आहे," मराठे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी ते लपवले नाही. "पण तिथून उठलो तर मी जाऊ कुठे, हेमा? कारखाना एकदा सुटला. आता हेही सुटलं तर सकाळी उठून करू काय?"



मराठ्यांनी माफी लिहिली. श्री. सौमित्र केळकर यांच्यावर केलेला आरोप मी मागे घेतो, झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे. मग कुंभारणीच्या फोटोवर जाऊन त्यांनी तो आपल्या हाताने काढून टाकला. खरंच काढायचा का, असे मशीनने विचारले, तेव्हा त्यांनी 'हो' दाबले.

तासाभरात सौमित्रचे उत्तर आले. 'इट्स ओके काका, नो हार्ड फीलिंग्ज. पुढच्या वेळी ओरिजिनल जपून ठेवत जा.' खाली लोकांच्या पसंतीचे अंगठे पटापट उमटत होते. एकीने लिहिले होते, किती मोठ्या मनाचा मुलगा.

हेमाताई पदराला हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सगळे वाचले. "या मेल्याला उत्तर देणार आहात का काही?"

"दिलं," मराठे म्हणाले.

त्यांनी लिहिले होते, 'हो सर. आभारी आहे.'