पासष्ट कशाचे?

सर्व आप्तेष्ट, हितचिंतक आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून फुकट सल्ले देणारे समस्त सज्जन यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की मोटारीच्या टायरवर लिहिलेला मधला आकडा मिलिमीटरमध्ये नसतो. हे कळायला मला बावन्न वर्षं आणि एक पैठणी नेसलेल्या बाई लागल्या.

त्या दिवशी साडेपाचला कामोठ्यात बायकोच्या भाच्याचा साखरपुडा होता. नवरामुलगा आणि बाकीची मंडळी परस्पर हॉलवर जाणार होती. माझ्यावर दोनच गोष्टी सोपवल्या होत्या: बायकोच्या साताऱ्याच्या आत्या, आणि आत्यांच्या मांडीवरचा साखरेचा पुडा. माझ्या सासरच्या घरातल्या प्रत्येक साखरपुड्याचा पुडा आत्या स्वतः बांधतात. सोनेरी कागदाचा, हातभर उंच, वर लाल दोरा. तो मुलीच्या ओटीत पडला की लग्न ठरलं. पुडा पोचला नाही तर तो साखरपुडा नव्हे, नुसता चहा-बिस्किटांचा कार्यक्रम.

अशा शुभप्रसंगी गाडी कशी दिसावी, याचा मी विचार केला, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

जुने टायर इतके गुळगुळीत झाले होते की त्यात पाहून भांग पाडता आला असता. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी गाडी विकली होती, पण तिचे चार चकचकीत रिम ठेवले होते. सोळा इंची. माझे होते पंधरा इंची. एका इंचानं काय होतंय, म्हणून मी ते घेतले. अगदी आंधळेपणानं नाही हं. बायकोची शिवणाची टेप आणून नटांच्या भोकांचं माप घेतलं. दोन्हीकडे चार भोकं, आणि समोरासमोरच्या दोन भोकांत बरोबर शंभर मिलिमीटर. रिम जुळले.

आता टायर. जुन्यावर लिहिलं होतं, १८५/६५ आर १५. एकशेपंच्याऐंशी ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. बरोबर. पंधरा हा रिमचा व्यास, इंचांत. तेही बरोबर. आर म्हणजे अर्थातच रिम. चूक, तो आर रेडियलचा, पण ही चूक निरुपद्रवी. राहिले मधले पासष्ट. रुंदी मिलिमीटरमध्ये, तर उंचीही मिलिमीटरमध्येच असणार, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची रबराची भिंत पासष्ट मिलिमीटर, असं मी ठरवून टाकलं. टेप लावून पाहिली असती तर तिथल्या तिथे कळलं असतं. पण टेप मी बायकोला परत दिली होती.

सकाळी करावे गावाजवळच्या टायरवाल्याकडे रिम घेऊन गेलो. साठीचे आगरी गृहस्थ, खुर्चीत बसून चहा पीत होते.

"दोनशेपाच, पासष्ट, सोळा," मी हॉटेलात ऑर्डर द्यावी तसं सांगितलं.

"जुना टायर कुठला व्हता?"

"एकशेपंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा. जरा रुंद हवाय. उंची तीच, पासष्ट."

त्यांनी कप खाली ठेवला. "साहेब, रिम बराबर हाय. टायर नाय बसायचा. मडगार्डाला घासंल."

"पासष्टला पासष्ट आहे हो. तुम्ही बसवा."

"मी बसवतो," ते म्हणाले. "रिमवर बसंल. गाडीत नाय बसायचा."

बसवले. एकट्यानं चालवत घरी आलो. गाडी टाचा उंचावून उभी राहिल्यासारखी दिसत होती, पण कुठे घासलं म्हणून नाही. विजयी मुद्रेनं मी बायकोला खिडकीतून खाली बघायला लावलं.

"हिला काय झालं?" ती म्हणाली. "साप बघितल्यासारखी उभी आहे."

चार वाजता आम्ही निघालो. मी, शेजारी बायको, मागे आत्या, त्यांच्या मांडीवर पुडा. आत्या अंगानं भरदार आहेत. सोसायटीच्या गेटबाहेर पहिला स्पीडब्रेकर आला आणि मागच्या चाकातून आवाज निघाला, खर्र. कोणीतरी पाट्यावर घमेलं ओढावं तसा.

दुसरा स्पीडब्रेकर. खर्र, आणि रबर जळल्याचा वास.

"जावईबापू," मागून आवाज आला. "मी जड होतेय का?"

"छे छे, रस्ता खराब आहे."

"मी बसले की रस्ता खराब होतो?"

बायको खिडकीबाहेर बघत हसू दाबत होती. "आत्या, तुम्ही मनावर घेऊ नका. त्यांनी नवीन टायर घातलेत."

"मग जुने बरे होते. गेल्या दिवाळीत याच गाडीत बसले होते, तेव्हा नाही कोकलली."

तिसऱ्या स्पीडब्रेकरला आत्यांनी स्वतःच तोडगा काढला. त्या उतरल्या, पैठणीचे काठ एका हातानं उचलले, दुसऱ्या हातात पुडा धरला आणि स्पीडब्रेकर चालत ओलांडला. मी रिकामी मागची सीट घेऊन हळूच पलीकडे गेलो. काही घासलं नाही. आत्या पुन्हा बसल्या. चौथ्याला पुन्हा तेच. एका रिक्षावाल्यानं थांबून आदरानं विचारलं, "मावशी, सोडू का कुठं?"

"नको," आत्या म्हणाल्या. "मी गाडीनंच चाललेय."

बायको म्हणाली, सरळ टॅक्सी बोलावू. आत्या म्हणाल्या, पुडा परक्या गाडीतून जात नाही. पुढे चौकात मी डावीकडे वळलो, तर आता पुढचं चाकही ओरडलं. साडेचार वाजले होते. कामोठ्यापर्यंत किती स्पीडब्रेकर आहेत याचा आत्यांनी मला हिशेब विचारला, तेव्हा मी गाडी निमूटपणे करावे गावाकडे वळवली.

टायरवाल्यांनी आम्हाला पाहून फक्त जॅक मागवला. मग आत्यांना बसायला खुर्ची दिली. आत्यांनी मात्र खुलासा मागितला. दोष टायरचा की आपला, हे त्यांना चारचौघांत ठरवून हवं होतं.

"मावशी," ते म्हणाले, "ह्यो पासष्ट म्हंजे टक्के हायत."

"टक्के? कशाचे?" हे मी विचारलं.

"ह्याच प्रश्नावर इथं आयुष्य गेलं आमचं. नवी मुंबई वसवायला सरकारनं जमीन घेतली. बदल्यात प्लॉट, साडेबारा टक्के. माज्या बापाची जमीन जास्त गेली, काकाची कमी. टक्के दोगांना साडेबाराच. मंग प्लॉट सारकाच भेटला काय?"

"नाही," आत्या म्हणाल्या. "ज्याची जमीन मोठी त्याचा प्लॉट मोठा."

"तसंच. पासष्ट टक्के, पन रुंदीचे. एकशेपंच्याऐंशीचे पासष्ट टक्के, एकशेवीस मिलिमीटर. दोनशेपाचचे, एकशेतेहतीस. भिंत वाडली. ती वर आनि खाली, दोनदा वाडली. त्यात रिम एक इंच मोठा. सगलं चाक दोन इंचांनी उंच झालं."

"म्हणजे रिम मोठा घेतला तर भिंत कमी करायची," आत्या म्हणाल्या. "बाहेरून चाक होतं तेवढंच राहायला हवं."

ते माझ्याकडे वळले. "मावशींना सकाळीच आनायचं व्हतं."

त्यांनी एकशेपंच्याण्णव, पंचावन्न, सोळाचे टायर काढले. भिंत एकशेसात. खडूनं जमिनीवर बेरीज मांडून दाखवली. नव्या चाकाची उंची जुन्याएवढीच, मिलिमीटरचाही फरक नाही. शेवटी टायरवर आणखी एक आकडा होता, सत्त्याऐंशी.

"हा कशाचा?" आत्यांनी विचारलं.

"वजनाचा. ह्या आकड्याचा एक टायर पाचशेपंचेचाळीस किलो पेलतो."

"एक?"

"एक."

आत्यांनी गाडीच्या चारही चाकांकडे सावकाश नजर फिरवली आणि मग माझ्याकडे. मी खडूची बेरीज तपासू लागलो.

पाच वाजून गेले तेव्हा आम्ही सुटलो. आत्या मागच्या सीटवर राणीसारख्या बसल्या होत्या. प्रत्येक स्पीडब्रेकरला त्या कान देत आणि काही वाजलं नाही की, "बघा," एवढंच म्हणत. कामोठ्यापर्यंत निदान पंधरा वेळा तरी मी बघितलं.

हॉलवर पोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. मुलगी पाटावर येऊन बसली होती, गुरुजी घड्याळ बघत होते, आणि नवऱ्यामुलाचे वडील, म्हणजे माझे मेव्हणे, दारातच उभे होते. आत्या आत शिरल्या आणि कोणाशी न बोलता थेट मुलीच्या ओटीत पुडा घातला. दोन्हीकडच्या मंडळींनी श्वास सोडला. मुलीच्या वडिलांनी अतिशय मर्यादेनं विचारलं, वाटेत काही अडचण आली का. ट्रॅफिक, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मेव्हण्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून माझी ओळख करून दिली: हे आमचे जावई, बँकेत कर्ज विभागाला मॅनेजर आहेत.

ओटीतला पुडा नीट करता करता आत्या भर हॉलमध्ये बोलून गेल्या, "मग त्या बँकेत टक्के दुसरं कोणीतरी काढत असणार."