दादाच्या हाताचे सोळा लाख

माझा मावसभाऊ, आम्हा सगळ्यांचा दादा, दुबईत रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये पत्रा कापायचा. मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. कंपनीने लेखी तडजोड केली: महिन्याला दोन हजार दिरहॅम, दहा वर्षं, गावी परतला तरी खात्यात जमा. मला ते बरं वाटलं होतं. दादाकडे एकरकमी पैसा आला की भावकीला आधी वास लागतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

गावी जायच्या आठवड्यात तो अल बर्शाला माझ्याकडे आला. सगळे हप्ते एकदम विकत घेणारा एक दलाल त्याला भेटला होता. कागद इंग्रजीत होते, म्हणून मी सोबत हवा होतो. मी ऑफिसात फायनान्स बघतो ना! मोडता घालायचाच, असं ठरवून मी गेलो.

"भाईसाब, सत्तर हजार दिरहॅम. आज साइन, आज ही पैसा," दलाल म्हणाला.

इथे राहून आम्हाला एक खोड लागली आहे. दिरहॅमचा आकडा कानावर पडला की तोंडाने त्याचे रुपये करायचे, मग ती कोथिंबिरीची जुडी का असेना. मी बोलून गेलो, "म्हणजे सोळा लाख."

जीभ चावली, पण उशीर झाला होता. दादाचे डोळे चमकले. मी घाईघाईने म्हणालो, "दादा, सगळे हप्ते धरले तर पंचावन्न लाख होतात. विकू नकोस." पण तो सोळा लाखांतून बाहेर यायलाच तयार नव्हता.

"धा वर्सां कोणी बघल्यानी? कंपनी बंद पडली तर माका कोण देतलो? हातचा सोडून पळत्याच्या पाठी कशाक लागाचा?"

माझ्या ओळखीतल्या दोन कंपन्यांना तेवढ्यातच टाळं लागलं होतं. "यल्ला, खलास करते हैं," म्हणत दलालाने पेन पुढे केलं. दादाने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. साक्षीदार म्हणून खाली मी केली.

घरी जेवताना हे सांगितलं तेव्हा माझी बारा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट वॉज अ रिअली बॅड डील." मी तिच्यावरच खेकसलो.

गावी स्लॅबचं घर झालं, उरलेले भावकीने उसने नेले, दोन वर्षांत सगळं संपलं. आता दर एक तारखेला दादाचा फोन येतो. "कंपनी चालू आसा?" कामानिमित्त माझं रास अल खोरला जाणं होतं. वर्कशॉप जोरात चाललंय, शेजारचा गाळाही त्यांनीच घेतलाय. दादाचे हप्ते दलालाला वेळेवर पोचत असणार. दरवेळी मी "हो" म्हणायचो आणि तो लगेच फोन ठेवून द्यायचा.

गेल्या महिन्यात मला ते सोसवेना. म्हणालो, "बंद पडली, दादा."

तो चक्क हसला. कित्येक दिवसांनी हसला.

"बघ, मी म्हणत होतंय ना? तू सोळा लाख म्हटलंस म्हणान वाचलंय रे मी!" आणि वहिनीला हाक मारून तेच पुन्हा मोठ्याने सांगू लागला.