सीटखालचा पाटा

अख्ख्या खारबावात गाडीची नाडी माझ्याइतकी कोनाला कळत नव्हती. तरी नवा कोरा टेम्पो सहा महिन्यांत दुसऱ्याच्या टेम्पोला दोरखंडानं बांधून ठान्याला न्यायची पाळी माझ्यावरच आली.

नव्वद सालाच्या आगंमागंची गोष्ट. भिवंडीत तेव्हा रीतच होती. नवी गाडी आली की आधी निजामपुऱ्यात मिस्त्रीकडं, मंग वज्रेश्वरीला देवीच्या पाया पडायला. मिस्त्री मागच्या कमानीत, म्हंजे चाकावरच्या स्प्रिंगमदी, लोखंडाचा एक पाटा जास्तीचा घालायचा. कंपनी गाडी बनवते ती कागदावरच्या वजनासाठी, आन आमी कापडाच्या गाठी भरायचो ताडपत्री पुरत न्हाय तिथवर. पाटा वाढवला की गाडी बसत न्हाय, ताठ चालते. पन वजन जानार कुठं? ते जातं एक्सलवर. हे आता कळतं. तेव्हा मी मिस्त्रीला म्हनलं, "दोन टाक." त्यानंच हात जोडले, "एक बस है, शेठ."

त्या पाट्यावर मी स्वतः छिन्नीनं टेम्पोचा नंबर कोरला. का? तर मिस्त्री उद्या माझा चांगला पाटा काढून भंगारातला घालील. लिहिता येत न्हाय मला, पन नंबर बरोबर कोरला.

अंजूरफाट्याला एक्सल कडकन तुटला. गॅरंटीचे दिवस बाकी होते. कंपनीनं एक्सल दिला तर ठीक, न्हायतर टेम्पो दारात उभा आन चूल थंड. बायको चौथी शिकलेली. तिनं गॅरंटीचं पुस्तक वाचलं. "गाडीत बदल केला तर गॅरंटी बाद, असं लिवलंय."

"तू मनाचं वाचतेस," मी म्हनलं.

मंग शेजारच्या मास्तरांकडनं वाचून घेतलं. तेच निघालं. मास्तर पन कंपनीला सामील हायत, असं घटकाभर वाटलंच मला.

मंग मिस्त्रीला गाडीकडं आनलं. त्यानं पाटा काढला, कंपनीचे जुने बोल्ट परत बसवले, चकचकीत जागेवर काजळी आन ग्रीस फासलं. "अब कंपनी का बाप भी नहीं पहचानेगा. पाटा मेरे पास छोड़ जा, वापस आया तो लगा देंगे."

झालं! याला माझा पाटा कशाला पायजे? ठेवून घेऊन विकनार, दुसरं काय. "न्हाय, माझ्याकडंच राहू दे," म्हनलं, आन पाटा गोनपाटात गुंडाळून सीटखाली सारला. माझ्या बुडाखाली असला म्हंजे कोन न्हेतोय?

गावातल्या एकाचा टेम्पो पुढं, दोरीला माझा मागं, कशेळीचा पूल कसाबसा ओलांडला. कंपनीच्या वर्कशॉपात एक तरणा साहेब आला. गोड बोलला, चहा मागवला. चहा पाजतोय म्हंजे काहीतरी काढून घेनार, म्हनून मी चहाला हात लावला न्हाय. साहेब बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला तसा मी पन वाकलो. म्हनलं, हा चांगला पार्ट काढून खिशात घालील.

"काका, गाडीत काही बदल केलाय का?"

"लिंबू-मिरची बांधलीय. तेवढाच."

साहेब हसला. बाहेर येऊन फॉर्म भरायला लागला. पाटे मोजले होते, बरोबर भरले होते. मिस्त्रीनं काम चोख केलं होतं.

"चला, तुमचं काम झालं. फक्त चासीचा नंबर लिहायचा राहिला. तो सीटखालच्या पट्टीवर असतो."

मी टुनकन केबिनमदी चढलो आन सीटवर बसलो. "सीटखाली काय न्हाय."

"काय आहे असं मी विचारलंच नाही, काका. उतरा."

त्यानं सीट उचलली, गोनपाट ओढलं. पाटा खणकन त्याच्या बुटाशी पडला.

"हे काय?"

"पावरलूमचं सामान हाय. भाड्याचं."

"लूमला कमानीचा पाटा लागतो?" त्यानं पाटा उलटा केला. मंग नंबर प्लेटकडं बघितलं, परत पाट्याकडं बघितलं. फॉर्मवर तिरकी रेघ मारली आन टोपन लावून पेन खिशात ठेवला. माझा चहा तिथंच होता, साय धरलेला.

परत दोरीवरच आलो. पंधरा दिवस टेम्पो दारात, आन मी दुसऱ्यांच्या टेम्पोतून गाठी जाताना बघत बसलो. शेवटी स्वतःच्या खिशातनं एक्सल घेऊन मिस्त्रीकडं गेलो, आन सगळं सांगितलं. वर शहानपना केला, "तुझ्यावर भरोसा नव्हता रे."

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला.

"मेरे पास छोड़ता और मैं चुरा भी लेता, तो तेरा सिर्फ पाटा जाता. तेरे को चोर की जरूरत ही नहीं, शेठ."